कंबरदुखीचा माग: मणक्यापासून मेंदूपर्यंत

“एमआरआयमध्ये तर काही नाही, मग दुखतंय कसं?” जुनी कंबरदुखी असलेल्या माणसाला हे घरी, दवाखान्यात, ऑफिसात कितीदा ऐकावं लागतं! या प्रश्नामागची समजूत साडेतीनशे वर्षांची आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांच्या मृत्यूनंतर, १६६४ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात एक चित्र आहे. माणसाचा पाय जाळाजवळ गेलाय आणि तिथून एक तंतू थेट डोक्यापर्यंत पोचलाय. दोरी ओढली की वर घंटा वाजते, तशी वेदना, असं देकार्त म्हणाले. जखम असेल तर दुखेल, नसेल तर नाही.

दुसऱ्या महायुद्धाने ही समजूत हलवली. इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांना दिसलं, की गंभीर जखमी झालेल्या बहुतेक सैनिकांना वेदनाशामक नकोच होतं. पुढे १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि मेंदू वरून ते लोटू शकतो.

पण मेंदूत नेमकं काय घडतं, हे बघायला वेगळं साधन लागलं आणि ते जवळजवळ अनपेक्षितपणे सापडलं. १९९५ साली अमेरिकेत भरत बिस्वाल यांनी लोकांना एमआरआय मशीनमध्ये नुसतं पडून राहायला सांगितलं. काहीही हालचाल नसताना मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंचे, हात हलवणाऱ्या भागांचे संकेत एकाच तालात चढत-उतरत होते. दोन भागांच्या या ताल जुळण्यालाच आज ‘कनेक्टिव्हिटी’ म्हणतात.

शिकागोच्या वानिया अपकेरियन यांच्या गटाने हे साधन कंबरदुखीकडे वळवलं. २००८ सालचा त्यांचा प्रयोग मला फार बोलका वाटतो. पडद्यावर लांबी बदलणाऱ्या एका पट्टीवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. रुग्णांनी ते निरोगी माणसांइतकंच चांगलं केलं. पण अशा वेळी मेंदूचे जे भाग शांत व्हायला हवेत, ते त्यांच्यात पुरेसे शांत होत नव्हते. २०१२ साली याच गटाने नुकती कंबर धरलेल्यांना वर्षभर तपासलं. ज्यांच्या कपाळामागच्या भागाचा आणि मेंदूतल्या खोलवरच्या ‘न्यूक्लिअस अक्युम्बन्स’चा ताल सुरुवातीलाच घट्ट जुळलेला होता, त्यांचंच दुखणं बहुतांशी टिकलं.

म्हणजे मेंदू कायमचा बिघडला का? नाही. खुब्याच्या संधिवाताच्या रुग्णांमध्ये कमी झालेला मेंदूचा करडा भाग, सांधा बदलून दुखणं गेल्यावर पुन्हा वाढल्याचं २००९ साली जर्मन संशोधकांनी दाखवलं. तो अभ्यास तालाचा नाही, रचनेचा होता; तरी धीर देणारा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, एकट्या माणसाच्या निदानाचे नाहीत. दुखण्याचा पुरावा म्हणून कुणी मेंदूचं स्कॅन सुचवलं, तर त्यावर पैसे घालवू नका. दुखतंय की नाही हे ठरवायला आजही रुग्णाच्या शब्दाहून भरवशाची तपासणी नाही.