‘सप्रेसर’ची कुळकथा

१९७० साली येल विद्यापीठात रिचर्ड गर्शन आणि काझुनारी कोंडो यांना उंदरांमध्ये एक उलटीच गोष्ट दिसली. ज्या टी पेशी प्रतिकारशक्तीला बळ देतात म्हणून ओळखल्या जात, त्यांतल्याच काही तिला आवरूनही धरत होत्या. या पेशींना ‘सप्रेसर’, म्हणजे दमन करणाऱ्या, हे नाव पडले आणि दहा-बारा वर्षे ते प्रयोगशाळांमध्ये गाजले. मग घात झाला. या पेशींची ओळख ज्या ‘आय-जे’ जनुकावर टेकली होती, ते जनुक असायला हवे होते तिथे सापडलेच नाही. पुरावा ढासळला, तसा शब्दही बदनाम झाला.

शब्द गेला, पेशी मात्र होत्या तिथेच होत्या.

जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ मध्येच एक प्रयोग केला होता. तीन दिवसांच्या उंदराच्या पिल्लांची थायमस ग्रंथी काढली, तर माद्यांचे बीजांडकोश नष्ट होत. पुढे उलगडले, की हा हल्ला शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा होता. शिमोन साकागुची यांनी हा धागा सोडला नाही. निरोगी उंदरांच्या टी पेशी दिल्या की असा हल्ला टळतो, तर त्यांतल्या नेमक्या कोणत्या पेशी हे करतात? १९९५ साली त्यांनी खूण दाखवली: पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी२५. पुढे बदनाम ‘सप्रेसर’ऐवजी ‘रेग्युलेटरी’, नियामक, हे नाव रूढ झाले. मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘स्कर्फी’ या रोगट उंदरांत फॉक्सपी३ जनुकातला दोष शोधला. नियामक पेशी घडवण्याची किल्ली याच जनुकाकडे आहे, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले, तेव्हा साकागुचींच्या चिकाटीला खरा न्याय मिळाला.

यकृताचा या कथेत प्रवेश होणे स्वाभाविकच. आतड्यांतून अन्नाचे अंश घेऊन येणारे रक्त आधी यकृतात शिरते. प्रत्येक परक्या कणावर तुटून पडायचे नाही, ही तिथली रीत. कर्करोगाला ती फावते. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या संशोधकांनी २००५ मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांचे रक्त तपासले, तर त्यात नियामक टी पेशींचे प्रमाण वाढलेले होते. दंडातून काढलेल्या साध्या रक्तात हे दिसावे, ही मोठी गोष्ट होती.

आणि टाकून दिलेला शब्द? तो दुसऱ्या घराण्यात परतला. अस्थिमज्जेतून येणाऱ्या मायलॉइड कुळातल्या काही पेशीही प्रतिकारशक्ती दाबतात. २००७ मध्ये संशोधकांनी त्यांच्यासाठी ‘मायलॉइड-डिराइव्हड सप्रेसर सेल्स’ हे नाव सुचवले. पुढच्याच वर्षी हॅनोव्हरच्याच गटाला यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात त्या वाढलेल्या आढळल्या. त्याच रुग्णांच्या टी पेशींबरोबर त्या वाढवल्या, तेव्हा टी पेशींमधून फॉक्सपी३ बाळगणाऱ्या नियामक पेशी तयार झाल्या.