पीसकाम

पीसकाम : पक्ष्यांची पिसे स्वच्छ करून, प्रतवारी लावून व प्रसंगी रंगवून त्यांपासून शिरोभूषणे, कुंचे, मोर्चेले, पंखे व शोभेच्या वस्तू बनविण्याची कारागिरी. महाराष्ट्रात या कामी परंपरेने मोराच्या पिसांना मान असला, तरी आज सहज व कायदेशीर रीत्या उपलब्ध होणारे पीस मुख्यतः कोंबडीचेच आहे. हा पालट कसा घडला, हे मराठवाड्यातील हिंगोली परिसराच्या संदर्भात पाहणे उद्‌बोधक ठरते.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता आणि हिंगोली शहरी १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पिसाला या भागात पूर्वापार धार्मिक व कलात्मक स्थान आहे. पहाटे दान मागत फिरणाऱ्या वासुदेवाचा मोरपिसांचा उंच टोप, फकिराच्या हातातील मोरपिसांचा कुंचा आणि देवावर ढाळावयाचे मोर्चेल ही त्याची परिचित रूपे होत. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर येथे मल्लिनाथाचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने स्वाभाविकपणे गाळलेल्या पिसांची असते. बसण्यापूर्वी जागेवरील सूक्ष्म जीव अलगद दूर करणे हा तिचा हेतू. पीस मिळविण्यासाठी जीव घ्यावयाचा नाही, हे तत्त्व येथे कोणत्याही कायद्याच्या कितीतरी आधी रूढ होते. याच संस्थानातील आदिलाबाद भागात राजगोंडांच्या दिवाळीतील गुसाडी नृत्यात मोरपिसांचे भव्य मुकुट घालतात. शाहिरीतील ‘कलगी’ व ‘तुरा’ ही संप्रदायनामेही पागोट्यावरील भूषणांवरून आली आहेत. कलगीवाले शक्तीला, तर तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे लावण्याच्या प्रघाताने या व्यवहाराचे स्वरूपच बदलले. बगळ्यांची नाजूक पिसे विणीच्या हंगामातच येतात. त्यामुळे एक बगळा मारला की घरट्यातील पिलेही उपाशी मरत. भारतातून बगळे, खंड्या इ. पक्ष्यांची पिसे व कातडी मोठ्या प्रमाणात परदेशी जात असत. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. या बंदीतून पाळीव पक्ष्यांची पिसे, शहामृगाची पिसे आणि निसर्गविज्ञानाच्या अभ्यासासाठीचे नमुने तेवढे वगळले होते. कोंबडीच्या पिसाची वाट मोकळी राहिली ती येथे. चोरटा व्यापार मात्र चालूच राहिला, कारण बाजारपेठ शाबूत होती. ब्रिटनने पिसांच्या आयातीस प्रतिबंध करणारा कायदा १९२१ मध्ये केला, तेव्हा तिला खरा धक्का बसला. पुढे भारतीय गावठी कोंबड्यांच्या मानेची पिसांसकट वाळविलेली कातडी गळाला लावावयाच्या कृत्रिम माश्या बनविण्यासाठी परदेशी जाऊ लागली.

१९६३ मध्ये मोर हा राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याची शिकार पूर्णतः निषिद्ध केली. मोराच्या शेपटीची पिसे देशांतर्गत व्यवहारापुरती बंदीतून वगळली असली, तरी त्यांची निर्यात करता येत नाही. या कायद्याची झळ मराठवाड्यातील फासेपारध्यांना विशेष बसली. फासे लावून तितर, लावे पकडणे हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविलेल्या जमातींपैकी ही एक. तो कलंक कागदोपत्री १९५२ मध्ये पुसला गेला आणि वीस वर्षांनी त्यांचे पिढीजात कसबच बेकायदा ठरले. पक्ष्यांचे संरक्षण आवश्यकच होते, परंतु त्याची किंमत कोणी मोजली याची नोंद क्वचितच घेतली जाते.

कोंबडीच्या वजनाचा सु. ५ ते ७ टक्के भाग पिसांचा असतो. पीस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असून केस, नखे व लोकर यांतही तेच असते. मधल्या दांडीच्या दोन्ही अंगांना तंतू असतात व त्यांवरील सूक्ष्म आकडे एकमेकांत अडकून पाते अखंड राहते. पीस साफ करणे म्हणजे मळ व रक्त काढून ही वीण शाबूत ठेवणे. शहरांतील दुकानांत कोंबडी बहुधा कातडीसकट सोलतात. त्यामुळे पिसे कातडीला चिकटलेलीच राहून वाया जातात. गरम पाण्यात बुडवून उपटलेली पिसे ओली व गुंतलेली असतात. कलाकामास कोरडी उपटलेली पिसे उत्तम. मान व पाठीची लांब, चकचकीत कोंबडपिसे त्यांत सर्वांत मोलाची.

रक्ताचे डाग प्रथम थंड पाण्यात सोडवितात, कारण उष्णतेने ते पक्के होतात. नंतर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण घालून पिसे हलकेच चाळवितात व पाणी नितळ येईपर्यंत खळबळतात. धुण्याचा सोडा किंवा चुना वापरू नये. अल्कलीने केराटिन झिजते व पीस ठिसूळ होते. पिसे विरळ कापडाच्या पिशवीत घालून वाऱ्यावर, पण सावलीत वाळवितात. पिशवी न वापरल्यास ती अंगणभर उडतात. चुरगळलेले पीस क्षणभर वाफेवर धरून दांडीकडून टोकाकडे बोटांनी ओढले, की आकडे पुन्हा जुळतात. रंगविण्यासाठी लोकरीचे अम्लरंग व थोडे व्हिनेगर पुरते. रंग घेण्यास पांढरी पिसे सोयीची असल्याने येथे संकरित मांसल कोंबडीचा उपयोग होतो. कपड्यांना लागणारी कसर पिसेही खाते, म्हणून ती कापूर किंवा कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. जुन्या भरलेल्या पक्ष्यांची पिसे मात्र काढून वापरू नयेत, कारण ती टिकविण्यासाठी पूर्वी सोमलयुक्त साबण लावीत.

रोगाचा धोका याहून गंभीर होय. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला, तर जानेवारी २०२१ मध्ये हिंगोलीलगतच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या दगावल्यानंतर तोच रोग निश्चित झाला. आजारी पक्ष्याच्या विष्ठेने व स्रावांनी माखलेल्या पिसांतून विषाणू पसरू शकतो. म्हणून अकस्मात मेलेल्या पक्ष्याची पिसे कोणत्याही कामासाठी घेत नाहीत. उद्रेकाच्या काळात ती मृत पक्ष्यांबरोबरच चुना टाकून खोल खड्ड्यात पुरतात.