पैसा फंडाची काच

दिवाळीच्या अंकांत दिव्याचे माहात्म्य सांगणारे लेख दरसाल येतात. मी आज दिव्यावरच्या काचेविषयी लिहिणार आहे. आणि काचेहूनही अधिक, ती काच फुंकणाऱ्या हातांविषयी.

घरोघर वीज येण्यापूर्वी कंदिलाची चिमणी ही संसारातली मोठी जपायची वस्तू होती. तिन्हीसांजेला ती राखेने घासून, फडक्याने पुसून लखलखीत करायची, आणि हातून फुटली तर वडीलधाऱ्यांची बोलणी खायची, हा बहुतेक घरांतला शिरस्ता. विसाव्या शतकाच्या आरंभी काचसामान मोठ्या प्रमाणावर परदेशातून येई. सुवासिनींच्या हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा ऑस्ट्रियाहून येत! वाळू आपल्याकडे होती, जळण होते, माणसांना तर तोटाच नव्हता. नव्हते ते शिकलेले हात.

हात शिकवायचे कोणी? हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी कुणाला पडत नसे. सुताराचा मुलगा वाकस धरायला बापाकडूनच शिके, लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढता घण उचलायला लागे. खळ्यावर बलुते मिळे आणि पोट चाले. ही व्यवस्था शेकडो वर्षे टिकली, तेव्हा तिच्यात काही गुण असलेच पाहिजेत. परंतु तिला दोन मोठ्या खोडी होत्या. ज्याच्या घरी जो धंदा नाही तो त्याला शिकता येत नसे. आणि जो धंदा कुणाच्याच घरी नाही तो शिकवायला कुणीच नसे. वाफेचे यंत्र आले तेव्हा ते कुणाच्याच वाडवडिलांचे नव्हते.

इंग्रज सरकारने १८५० साली शिकाऊ मुलांसाठी एक कायदा केला. दहा वर्षांपुढच्या आणि अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला त्याच्या बापाने किंवा पालकाने करार करून एखाद्या कसबी माणसाच्या हाताखाली द्यावे. कराराची मुदत सात वर्षांहून अधिक नसावी. हा कायदा विशेषेकरून अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांसाठी होता. म्हणजे ज्याला कोणी नाही त्याने हाताचे काम शिकावे, आणि ज्याला बाप आहे त्याने इंग्रजी शिकून कारकून व्हावे, अशी वाटणी आपल्या मनात हळूहळू पक्की झाली. मी शाळामास्तर माणूस आहे. ही वाटणी अजून गेलेली नाही, हे मी रोज पाहतो. मुलाची बोटे चित्रकलेत वा सुतारकामात चालतात असे पालकांना सांगावे, तर त्यांचा चेहरा उतरतो. जणू मुलगा नापास झाल्याचेच मी सांगितले!

या मनोवृत्तीला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रात कुणा संस्थानिकाने वा सरकारने दिला नाही. तो दिला एका पैशाने. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी कल्पना काढली की, देशी उद्योगासाठी माणशी एक पैसा गोळा करावा. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. चौसष्ट जणांनी हात सैल केला तेव्हा कुठे एक रुपया जमणार! पुष्कळांना तो वेडेपणा वाटला असेल. पण लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठिंबा दिला, पैशाला पैसा जोडला गेला, आणि १९०८ साली पुणे-मुंबई लोहमार्गावरच्या तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला.

तो नुसता कारखाना असता तर मी एवढे लिहिले नसते. तो शाळाही होता. काच करावी आणि करणारी माणसेही करावीत, असा त्याचा दुहेरी हेतू होता. शिकवायला मिळाले ते ईश्वरदास वार्ष्णेय. जपानात आणि पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे शिकून आलेले.

काचेचे काम पुस्तकातून का येत नाही, हे ते काम डोळ्यांपुढे आणले म्हणजे कळते. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळून त्याचा मधासारखा दाट रस होतो. लोखंडी नळीच्या टोकावर त्या रसाचा गोळा उचलायचा, नळी सतत फिरवत ठेवायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचे. फिरवणे थांबले की गोळा एका बाजूला ओघळतो. फुंकर कमी पडली तर काच जाड राहते, जास्त झाली तर पापुद्रा होऊन फुटते. आणि हे सारे काच तापलेली आहे तोवर, थोड्याशा क्षणांत! एवढे करून वस्तू साधली, तरी ती हळूहळू निववावी लागते. घाईने थंड केली तर नंतर तडकते. किती फुंकावे आणि कधी थांबावे हे फुंकणाऱ्याच्या गालांना आणि बोटांना कळावे लागते. ते कळायला जाणत्याच्या शेजारी उभे राहून पुष्कळ गोळे वाया घालवावे लागतात. ते वाया घालवू देणारा कोणी असेल तरच कारागीर तयार होतो. तळेगावला तो खर्च लोकांच्या पैशाने सोसला.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी काच येईनाशी झाली. तेव्हा देशात काचेचे नवे कारखाने निघू लागले, आणि तळेगावी शिकलेली माणसे ठिकठिकाणी कामी आली. आधी हात तयार होते म्हणून संधी साधता आली.

दुसरे उदाहरण मालकाचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत, म्हणजे १८८७ साली स्थापन झालेल्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, यंत्रांची रेखाटने शिकवीत. तेही मास्तरच! बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावी भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळ त्यांना माळरानाची जागा दिली. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

लक्ष्मणरावांजवळ तयार कामगार नव्हते. त्यांनी ते घडवले. शाळेत मन न रमलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ ठरले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे शिक्षा भोगून आलेले दोघे वाडीची राखण करू लागले. ज्याला शाळेने सोडले आणि समाजाने टाकले, त्याच्यावर विश्वास टाकून काम शिकवता येते, याचा हा पुरावा. शिक्षण केवळ कामगारांचेच नव्हे, गिऱ्हाइकांचेही करावे लागले. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षे लागली! लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली शिकायला गेले तेही मॅसॅच्युसेट्सलाच, आणि ते ज्ञान घेऊन परतले ते आपल्याच कारखान्यात.

आणि स्त्रिया? रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झाले. तेथल्या बायका, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकल्या. सोवळ्यात वाढलेल्या बाईने परक्या रुग्णाची जखम धुवायची, ही केवढी मजल! येथेही संस्थेने मुली दिल्या, रुग्णालयाने काम दिले, आणि दोहोंच्या मेळातून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई तयार झाली.

स्वतंत्र भारताने १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आखली, गावोगावच्या आय.टी.आय. तिचीच लेकरे. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला. १८५० च्या कायद्याने अनाथाला धनी शोधून दिला होता. १९६१ च्या कायद्याने धन्यावरच शिकवण्याची जबाबदारी टाकली. एकशे अकरा वर्षांत आपण एवढे चाललो, हे थोडे नव्हे.

परंतु कायद्याने जागा मिळते, मन मिळत नाही. शिकाऊ पोराला चहा आणायला आणि झाडलोट करायला ठेवणारा कारखानदार कायदा पाळूनही काही शिकवीत नाही. उलट, हाताला काळे लागते म्हणून मुलाला त्या वाटेला जाऊच न देणारा बाप हाही तितकाच दोषी. तळेगाव, किर्लोस्करवाडी आणि सेवासदन येथे ज्यांनी काम केले त्यांची ऐपत, धर्तीं आणि ठिकाणे निराळी होती. एक गोष्ट मात्र सारखी होती. हाताचे काम हलके आहे असे त्यांनी शिकणाऱ्याला कधी वाटू दिले नाही, आणि शिकताना होणारे नुकसान आनंदाने सोसले.

हात शिकवायचे कोणी, या प्रश्नाचे पैसा फंडाने दिलेले उत्तर मला अजून सर्वांत खरे वाटते. बापाने, मास्तराने, मालकाने, सरकारने. प्रत्येकाने आपापला एक पैसा टाकावा. कुणा एकाच्या पैशाने ती भट्टी पेटली नव्हती.