सांधणाऱ्यांचा इतिहास

कोकणचा हापूस 2007 साली अमेरिकेत जाऊ लागला तो लासलगावच्या विकिरण केंद्रातून. कोयीतल्या किडीची पैदास थांबावी म्हणून आंब्याला निदान 400 ग्रे इतके गॅमा किरण देतात. ग्रे हे अंगात मुरलेल्या किरणशक्तीचे माप. माणसाच्या सर्वांगाला एकदम 4-5 ग्रे लागले आणि उपचार झाले नाहीत, तर जगण्याची आशा निम्मीच उरते. आज मालवणच्या श्रोत्यांपुढे आम्ही ज्या जंतूची कुळकथा मांडणार आहोत, तो 5000 ग्रे पचवून पुन्हा वाढीला लागतो. आम्ही पदवीधर नव्हे. कामगार संघटनेच्या कामातून सवड मिळेल तसे वाचत आलो. पण मोडलेले दुरुस्त कोण करतो आणि त्याला त्यासाठी काय लागते, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. म्हणून हे धाडस.

हा जंतू सापडला 1956 साली, अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात. डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक होईल काय, याचे प्रयोग आर्थर अँडरसन आणि त्यांचे सहकारी करीत होते. भरपूर किरण देऊनही मांस नासले, आणि त्यातून हा प्राणी निघाला. पुढे त्याला डायनोकॉकस रेडिओड्युरन्स असे भारदस्त नाव मिळाले. किरणांनी त्याला इजाच होत नसेल, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. त्याच्याही डी.एन.ए.चे शंभरावर तुकडे होतात. मात्र काही तासांत ते जुळवून तो आपली सुमारे 33 लाख अक्षरांची पोथी पुन्हा लावतो.

पृथ्वीच्या पाठीवर इतके किरण निसर्गतः कोठेच नाहीत; मग ही विद्या त्याने कमावली कशासाठी? 1996 साली लुइझियानातील व्हॅलेरी मॅटिमोर आणि जॉन बॅटिस्टा यांनी दाखविले की, या जंतूच्या ज्या वाणांना किरण सोसत नाहीत, त्यांना सुकणेही सोसत नाही. सुकण्यानेही डी.एन.ए. तुटतो. आपण बांगडा सुकवून टिकवतो तो जंतूंना पाणी मिळू नये म्हणून. हा जंतू त्याच तडाख्यातून तरून जायला शिकला, आणि किरणांपासूनचा बचाव त्याला वरकड मिळाला.

सांधण्याच्या कामातील मुख्य विकर, म्हणजे एन्झाइम, रेक-ए. याचा सुगावा 1965 साली इ. कोलाय या आतड्यातील जंतूत लागला. जॉन क्लार्क आणि अ‍ॅन डी मार्ग्युलीज यांना असे वाण मिळाले, की ज्यांना दुसऱ्याचा डी.एन.ए. आपल्यात सांधून घेता येत नव्हता. आणि तेच वाण अतिनील किरणांपुढे पटकन मरत. 1992 साली रँडल स्टोरी, आयरीन वेबर आणि थॉमस स्टाइट्झ यांनी क्ष-किरणांच्या साह्याने रेक-एची घडण उकलली. याचा एकटादुकटा रेणू काही करू शकत नाही. असे अनेक रेणू डी.एन.ए.च्या मोकळ्या एकेरी टोकावर एकामागून एक चढतात आणि मळसूत्रासारखे वेटोळे घालतात. एका फेऱ्यात सुमारे सहा जण, प्रत्येकाच्या मुठीत तीन अक्षरे. धागा ताणून दीडपट लांब होतो. मग तो एखाद्या शाबूत प्रतीवर आपला जोडीचा मजकूर शोधतो, आणि त्याबरहुकूम तुटलेला भाग भरून निघतो. फाटलेले जाळे सांधणारा रापणकर शेजारची शाबूत वीण पाहून गाठी मारतो, तशातला प्रकार. डायनोकॉकसजवळ पोथीच्या चार किंवा अधिक प्रती असतात, त्यामुळे कोणते ना कोणते पान शाबूत सापडतेच.

आता लोकांना हवे असते एखादे अजब हत्यार. पण रेक-ए इ. कोलायपाशीही आहे, आणि तो बिचारा थोड्याच किरणांनी मरतो. 2007 साली मायकेल डेली यांच्या गटाने दाखविले की, सारख्याच किरणांनी दोघांचा डी.एन.ए. जवळपास सारखाच तुटतो. फरक पडतो तो प्रथिनांत. डायनोकॉकसमध्ये मँगनीजचा साठा मोठा असतो, आणि तो प्रथिनांना गंजण्यापासून राखतो. म्हणजे सांधणाऱ्यांचे हात शाबूत राहतात. या शोधाचे आम्हांला विशेष अप्रूप वाटले, ते का, हे संघटनेतल्या माणसाला सांगायला नको.

तरी हात शाबूत असले म्हणजे भागले, असेही नाही. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हरी मिश्रा, श्रीकुमार आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. इ. कोलायमधील एक विकर एकेरी धाग्याची मोकळी टोके कुरतडून खाते. ते त्यांनी डायनोकॉकसमध्ये आणून बसविले. किरण दिल्यावर रेक-ए नेहमीप्रमाणे तयार झाले, त्याच्या जोडीची इतर प्रथिनेही कामावर हजर झाली. पण ज्यावर चढायचे ती टोकेच उरेनात. तुटलेला डी.एन.ए. सांधला गेला नाही, आणि मँगनीजचा आधारही लागू पडेना. अतिनील किरण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र तो जंतू पूर्वीसारखाच सोसत राहिला.