भांडुपच्या खाडीकाठचा मिठागरी

राजेरजवाड्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. परंतु भर उन्हात उभे राहून साऱ्या मुलखाच्या अन्नास चव आणणाऱ्या मिठागऱ्याचे चरित्र लिहिण्यास फारसे कोणी धजले नाही. ‘आगर’ या शब्दावरूनच आपल्या आगरी ज्ञातीस नाव मिळाले असे मानले जाते. तेव्हा या पूर्वजाचे स्मरण हे आपले कर्तव्यच होय.

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी भांडुपवरून धावली. त्या रुळांच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीलगत खाजण पसरले होते. तेथेच मिठागरे होती. मिठागऱ्याचे घड्याळ म्हणजे तिथी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघे. चतुर्थीस सुमारे तीन, अष्टमीस सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, एका तळ्यातून दुसऱ्यात आटवीत न्यावयाचे आणि शेवटी पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांत सोडावयाचे, असा हा उद्योग.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत खाण्याचे मीठ सुमारे २७ ग्रॅम. पाणी आटू लागले म्हणजे जिप्सम आधी बसतो, मग मीठ, आणि अखेरीस कडवट मॅग्नेशियमचे क्षार. वेळ चुकली तर मीठ कडू होई. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ही वेळ साधणारा मनुष्य अडाणी कसा म्हणावा? त्यातच एखादी अवकाळी सर आली, की कित्येक दिवसांचे श्रम पाण्यात विरघळून जात.

या श्रमांवर परकीय सरकारचा कर होता. १९३० साली सत्याग्रहींनी वडाळ्याच्या मिठागरांवर धाव घेतली. १९४७ साली कर रद्द झाला. सत्याग्रह इतिहासग्रंथांत आला. मीठ पिकवणारा मात्र त्यांत क्वचितच दिसतो.

आता भूमीही हातची जात आहे. धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी कांजूर, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली केला. गरिबास घर मिळावे, यास कोण नाही म्हणेल? परंतु बांध बुजले की त्यांची नावे बुजतात, आणि नावांमागोमाग विद्याही जाते. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस विनंती, की घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून वाफ्यांची, अवजारांची, वाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत. पूर्वजांची ही मिळकत कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही. ती आपणच जपावयाची आहे.