जयपूरच्या दप्तरातले दखणी

जयपूरच्या ब्रह्मपुरीत पुंडरीकजींची हवेली आहे. तिच्या एका खोलीतली भित्तिचित्रं केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केली आहेत. पण ज्यांच्यावरून हवेलीला नाव पडलं ते रत्नाकर भट्ट महाराष्ट्रीय ब्राह्मण होते, हे पर्यटकांच्या गावीही नसतं. ते जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाचे गुरू. पौंडरीक याग केला म्हणून ते पुंडरीक झाले. व्रतं आणि तिथींचा निर्णय सांगणारा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १७१३ सालचा, तर जयपूरची पायाभरणी १७२७ची. म्हणजे दरबारातलं हे दक्षिणी माणूस शहरापेक्षाही जुनं.

अशा माणसाचं चरित्र आज घरबसल्या कितपत उभं करता येतं? ग्रंथाची मुंबईत छापलेली प्रत इंटरनेट अर्काइव्हवर सापडू शकते. जयसिंहाच्या अश्वमेधावर पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३७ साली लिहिलेला लेखही शोधता येतो. गोड्यांनी आयुष्यभर हेच केलं. पुण्यातल्या हस्तलिखितांसमोर बसून त्यांनी दूरदूरच्या पंडितांच्या तारखा आणि नातीगोती जुळवली. त्यांच्यापाशी संगणक नव्हता. होती ती पत्रव्यवहाराची चिकाटी.

पण जाळ्यावर खरं जितकं सहज मिळतं तितकंच खोटंही मिळतं. जयसिंहाचे दुसरे विद्वान सम्राट जगन्नाथ. युक्लिडच्या अरबी आवृत्तीवरून ‘रेखागणित’ आणि टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’वरून ‘सम्राट्सिद्धान्त’ हे ग्रंथ त्यांनी संस्कृतात आणले. शिवाजी महाराजांवर चालून आलेल्या जयसिंहाने दक्षिणेतून या हुशार तरुणाला सोबत नेलं, अशी त्यांची आख्यायिका. ऐकायला झकास आहे. फक्त पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंह १६६७ सालीच बुऱ्हाणपुरात वारले आणि वेधशाळा बांधणारे सवाई जयसिंह जन्मले १६८८ साली, महाराजांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. नावं सारखी, म्हणून दोन राजांचा एक राजा झाला. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर चिकटवलेल्या वंशावळींत असे जोडराजे आणि जोडआजोबा पदोपदी भेटतात.

मूळ कागद पाहायचे तर जयपूरचे बरेचसे कागद जयपुरात नाहीत. राजस्थान राज्य अभिलेखागार १९५५ साली जयपुरात सुरू झालं खरं, पण १९६० साली ते बिकानेरला हललं आणि संस्थानाची दप्तरं वाळवंटाकाठी गेली. आता त्यातला मोठा भाग स्कॅन होऊन अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आला आहे. कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्याने त्यातलं एक नाव पाठ करून ठेवावं : ‘दस्तूर कौमवार’.

हे बत्तीस खंडांचं संकलन आहे. दरबारातून कोणाला काय दिलं गेलं, याच्या नोंदी त्यात जातवार लावल्या आहेत. कोण आला, कोण निरोप घेऊन गेला, कोणाच्या घरी लग्न होतं, कोण वारलं. आणि त्या त्या प्रसंगी शिरपाव काय, घोडा की पागोटं, किंमत किती. हेतू हिशेबाचा आणि मानपानाचा. एका घराला मागच्या खेपेला काय दिलं हे कारकुनाला ठाऊक असायला हवं, नाहीतर पुढच्या खेपेला रुसवे. चरित्रकाराला मात्र यातून तारीखवार आयुष्य मिळतं. त्याच्या जोडीला मातमीची प्रथा. जहागीरदार वारला की त्याच्या वारसाला दरबाराची मान्यता घ्यावी लागे, म्हणून बाप कधी गेला आणि मागे कोण उरलं हे कागदावर येई. ज्याला दरबाराकडून काही मिळालं नाही, त्याचा मात्र या दप्तरात पत्ता नाही.

शोधताना अडतं ते वेगळ्याच जागी. ‘मराठा’ असं टाकून फारसं काही हाती लागत नाही. तिथल्या कागदांत आपण ‘दखणी’ नाहीतर ‘दिखणी’. आडनावाचा भरवसा नाही. भाषा ढुंढाडी, म्हणजे जयपूरकडची बोली, काही कागद फारसी. आणि तिथी! जयपूरचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून तिथल्या ‘भादवा बदी ५’ला महाराष्ट्रात श्रावण वद्य पंचमी असते. संवतातून ५७ वजा करून कोणी भाद्रपद धरून बसला, तर पूर्वज महिनाभर उशिरा मरतो.

जयपूरच्या या नोंदींची दुसरी बाजू पुण्यात सापडते. बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या तेव्हा जयसिंहाने त्यांचा जयपुरात पाहुणचार केला. पेशव्यांचे उत्तरेतले वकील हिंगणे. त्यांचं दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलं. गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड १९३०च्या दशकात निघाले, ते आता फुकट उतरवून घेता येतात. एकच भेट दोन्हीकडच्या कागदांत लावून पाहिली की माणूस कसा उभा राहतो, ते करून पाहण्यासारखं आहे.

हे झालं दरबाराचं. सामान्य शेतकऱ्याचा, कारागिराचा वंश जयपूरच्या मुलखात जागा राखतो. जागा म्हणजे वंशावळ राखणारा. कुठे त्याला भाट म्हणतात, कुठे बडवा. जातीजातीचे जागे वेगळे. काही वर्षांनी तो यजमानाच्या दारी येतो, लांबलचक पोथी उलगडून पिढ्या वाचतो, नव्या मुलांची नावं घालतो आणि दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे नवं नाही. तिकडे बैल घेऊन येणारे हेळवी हेच काम करतात. गुजरातेतल्या वहीवंचा बारोटांवर ए. एम. शहा आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ साली लिहिलेला अभ्यास आजही वाचनीय आहे. वंश सांगताना मध्येच सूर्यवंश कसा घुसतो आणि पोथी पोटापाण्याशी कशी बांधलेली असते, हे दोन्ही त्यात दिसतं.

जाग्यांच्या पोथ्या बहुतेक घरांतच आहेत. हरिद्वारचे पंडे, म्हणजे तीर्थोपाध्याय, यात्रेकरूंच्या वंशनोंदी ज्या बह्यांत ठेवतात त्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने या बह्यांच्या मायक्रोफिल्म घेतल्या आणि आता त्या फॅमिलीसर्चवर पानापानाने दिसतात. मोफत, फक्त खातं उघडावं लागतं. पण तिथे आडनाव टाकून थेट पान मिळेल अशी आशा धरू नये. बह्या लावलेल्या असतात मूळ गाव आणि जात यांवर. पणजोबा जयपुरात राहिले असतील, पण पंड्याला त्यांनी ‘मूळ गाव कोणतं?’ या प्रश्नाचं उत्तर वाई दिलं की जयपूर, यावर बही बदलते. ते घरातल्या म्हाताऱ्या आत्याला ठाऊक असण्याची शक्यता बरीच, म्हणून संगणक उघडण्याआधी तिला फोन करावा.