'ऑनेस्ट' : एका शब्दाची बावन्न आवर्तने

'ऑनेस्ट' म्हणजे 'प्रामाणिक' हे आपण शाळेत शिकतो आणि व्यवहारात तेवढ्यावर भागते. 'ऑथेल्लो'पाशी आले की मात्र भागत नाही. या नाटकात 'ऑनेस्ट' व 'ऑनेस्टी' हे शब्द बावन्न वेळा येतात, हे विल्यम एम्प्सनने 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) या ग्रंथात दाखवून दिले.

हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, तो 'मान' या अर्थाच्या शब्दाचे बोट धरून. आरंभी 'ऑनेस्ट' म्हणजे प्रतिष्ठित, अब्रूदार. पण पुरुषाची अब्रू आणि स्त्रीची अब्रू समाजाने एका मापाने कधी मोजली? स्त्रीच्या बाबतीत त्याचा अर्थ 'पतिव्रता' एवढाच उरला. पुरुषाच्या बाबतीत तो सत्यवचनी, विश्वासू, पुढे मोकळ्या मनाचा, मैफलीत रमणारा दोस्त असा पसरत गेला. शिवाय वरिष्ठाने हाताखालच्या माणसाची पाठ थोपटतानाही हाच शब्द वापरावा! (आपल्याकडचा 'गडी इमानी आहे हो' हा सूर आठवावा.)

१६०४ साली हे नाटक राजदरबारात झाले तेव्हा हे सारे अर्थ एकत्र नांदत होते. ऑथेल्लो इयागोला 'ऑनेस्ट' म्हणतो त्यात विश्वास आहे, तशीच नकळत वरिष्ठाची कृपादृष्टीही. बढती हुकलेल्या इयागोला ती बोचत असणार, हे एम्प्सनचे निरीक्षण आम्हांस पटते. तिसऱ्या अंकात कॅसिओविषयी विचारणा होते तेव्हा इयागो आरोप करीत नाही. हाच शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. तेवढे पुरते. पुढे तोच शब्द डेस्डिमोनाच्या शीलाचा निकष होतो आणि तिचा जीव घेतो.

महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत आणले. १८९० साली देवलांचे 'झुंजारराव' आले. मराठी अनुवादकाची कोंडी उघड आहे. सर्वत्र 'प्रामाणिक' ठेवावे, तर डेस्डिमोनाच्या संदर्भात ते हिशेबनिसाचे प्रशस्तिपत्र वाटते. प्रसंगानुसार शब्द बदलावा, तर खलपुरुष आणि साध्वी एकाच शब्दाने तोलले जात आहेत, हे प्रेक्षकाच्या कानी पडतच नाही. आमच्या मते दुसरे नुकसान मोठे. 'निर्मळ' दोन्हीकडे कसाबसा चालेल. पण 'निर्मळ इयागो' म्हणताना पाठीवरची ती वरिष्ठाची थाप ऐकू येत नाही.